डिझाइनच्या प्रशिक्षणासाठी स्वतःची ओळख कशी लिहावी: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

डिझाइनच्या बऱ्याच प्रशिक्षणांच्या अर्जात एक चौकोन असतो: ‘स्वतःबद्दल थोडक्यात लिहा’. खाली दीडशे-दोनशे शब्दांची मर्यादा. सोसायटीच्या गणपतीचं मखर चार वर्षं एकहाती उभं करणारी मुलगीसुद्धा इथे आली की ‘मी मेहनती, जिद्दी आणि क्रिएटिव्ह आहे, मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे’ असं लिहून मोकळी होते. ठाण्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत शिकायला येऊ पाहणाऱ्यांचे अर्ज मी वाचते. असा परिच्छेद वाचला की वाईट वाटतं, कारण त्याच्या मागे जोडलेलं काम बरेचदा चांगलं असतं.

निवड करणाऱ्याला त्या चौकोनातून तुमचा स्वभाव कळणार नसतो. तुमची नजर मात्र कळू शकते: तुम्हाला काय खटकतं, खटकल्यावर तुम्ही काय करता, आणि केलेलं फसलं तर पुन्हा कुठून धरता. एका खऱ्या कामाची नीट हकीकत सांगितली की हे सगळं तिच्यातून दिसतं. म्हणून या लेखातले बरेचसे टप्पे त्या एका हकीकतीभोवतीच फिरतात.

पहिला टप्पा: ओळख कुठे लागते ते बघा

सगळीकडे ओळख लिहावी लागत नाही, आणि जिथे लागत नाही तिथे त्यावर आठवडे घालवू नका. आयआयटीतल्या बी.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदवीचा, प्रवेश यूसीड या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो. तिथे संगणकावरचे प्रश्न आणि हाताने काढायचं चित्र, एवढ्यावरच काय ते ठरतं. खारघरच्या निफ्ट या फॅशन संस्थेत बी.डेस.साठी लेखी परीक्षेनंतर सिच्युएशन टेस्ट असते: दिलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळात वस्तू घडवायची. महाराष्ट्रातल्या बीएफए, म्हणजे कलेच्या पदवीच्या, प्रवेशाला सीईटी ही प्रवेशपरीक्षा आहे. या वाटेवर असाल तर आत्ता हात आणि स्केचबुक यांनाच वेळ द्या.

ओळख खरी कामाला येते ती पुढच्या पायरीवर. पवईच्या आयडीसीत, म्हणजे १९६९ पासून चालत आलेल्या आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी, सीड या प्रवेशपरीक्षेनंतर मुलाखत असते आणि पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांची फाइल, समोर ठेवावी लागते. निफ्टच्या मास्टर्सलाही मुलाखत आहे. खासगी संस्थांचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे अभ्यासक्रम, स्टुडिओतली इंटर्नशिप, शिष्यवृत्ती, कार्यशाळा, या सगळ्यांना बहुधा लेखी ओळख लागते. एखादी संस्था फक्त फी भरून घेते आणि तुमचं एकही काम बघायला मागत नाही, तेव्हा तिथे शिकवणारं कोण आहे आणि आधीच्या बॅचचं काम कसं होतं, हे तुम्हीच विचारा. तो तुमचा हक्क आहे.

संस्थेचं पान उघडून अभ्यासक्रम शेवटपर्यंत वाचा. एका वहीत दोन ओळी लिहा: यात मला काय येतं, आणि यातलं काय मला हवंय. दुसरी ओळ रिकामी राहिली, तर कदाचित तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही.

दुसरा टप्पा: एक काम निवडा

सगळ्यात देखणं काम घेऊ नका. ज्या कामात तुम्हाला काहीतरी बदलावं लागलं ते घ्या. इन्स्टाग्रामवर पाहून काढलेलं सुंदर पोर्ट्रेट असेल, पण त्यावर बोलायला ‘छान झालं’ यापलीकडे काही नसेल, तर ते पोर्टफोलिओत शेवटी ठेवा. उलट बिल्डिंगच्या पाण्याच्या वेळापत्रकाची नोटीस तुम्ही अशी लिहिलीत की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आली, तर ते खरं डिझाइनचं काम आहे. लहान आहे म्हणून संकोच करू नका.

‘आमच्याकडे दाखवण्यासारखं काम कुठे आहे?’ असं विचारणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटतात. तुम्ही ज्या भागात राहता तो नीट बघितलात तर काम तिथेच आहे. नौपाडा, जांभळी नाका, वाशीचं सेक्टर १७ इथून पाट्या बघत एक फेरी मारा. २०२२ मध्ये राज्याने नियम केला की लहानमोठ्या सगळ्याच दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात आणि त्या अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नको. त्यानंतर ठिकठिकाणी नव्या पाट्या चढल्या. त्यातल्या कितीतरी पाट्यांवर इंग्रजी नाव डौलात आहे आणि शेजारी देवनागरी कुठल्यातरी मिळेल त्या फॉन्टमध्ये ताणून बसवलेली आहे. शिरोरेखा जाड, वेलांट्या चिंचोळ्या. अशी एक पाटी निवडा, फोटो काढा, तिच्यात काय बिघडलंय ते लिहा आणि कागदावर ती पुन्हा मांडून बघा. झालं एक काम.

घरं आणि जागा यांत रस असेल तर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक सकाळ काढा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत आखली. छोट्या अंगणाभोवती घरांचे पुंजके, आणि प्रत्येक कुटुंबाला पुढे आपलं घर वाढवता यावं म्हणून शेजारच्या घराशी सामाईक भिंत ठेवलेली नाही. आज लोकांनी ती घरं इतकी बदलली आहेत की मूळ आराखडा शोधावा लागतो. कुणी काय बदललं, का बदललं असेल, याची चार पानं रेखाटनं काढलीत तर जागेच्या डिझाइनसाठी याहून चांगली सुरुवात सांगता येणार नाही.

अक्षरांची ओढ असणाऱ्यांसाठी नाटकांच्या जाहिराती आहेत. कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षं मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली की नाटकाचा विषय अक्षरातच दिसावा. गडकरी रंगायतनच्या किंवा विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या बाहेरचे बोर्ड बघताना एखाद्या शीर्षकासमोर उभं राहा आणि त्यातलं कुठलं अक्षर काय सांगतंय ते वहीत उतरवा. गुढीपाडव्याच्या सुमारास ठाण्याच्या गावदेवी मैदानावरच्या भव्य रांगोळीला मदत करायला गेला असाल तर तेही काम आहे. एवढ्या मोठ्या आकारात रेषा सरळ कशी ठेवतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तिसरा टप्पा: त्या कामाची हकीकत मिळवा

इथे घाई करू नका. एक उदाहरण घेऊन सांगते. समजा कोपरखैरण्याच्या एका मुलीने आईच्या बचत गटाच्या मालवणी मसाल्यासाठी लेबल केलं. ‘मी मसाल्याचं आकर्षक पॅकेजिंग डिझाइन केलं’ असं वाक्य तिने लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. तिला बसवून विचारलं की हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते.

पहिलं लेबल पांढरं होतं, चार इंच बाय तीन. संगणकावर ते स्वच्छ दिसत होतं. पण मसाला भरणाऱ्या बायकांचे हात मसाल्याचे, दुकानदाराचेही हात तसेच. दोन दिवसांत पांढऱ्यावर लाल-पिवळ्या बोटांचे डाग. शिवाय पाकीट वरून दुमडून स्टेपल करायचे, आणि लेबल घडीवर यायचं, म्हणून ‘मसाला’ची वरची शिरोरेखाच आत जायची. तिसरी गोष्ट पैशांची. डिजिटल प्रिंटवाला १२ बाय १८ इंचांचं स्टिकर शीट छापतो आणि पैसे शीटमागे घेतो. कडेची मोकळी जागा सोडून चार बाय तीनची लेबलं एका शीटवर १२ बसत होती.

मग तिने काय केलं? रंग गडद विटकरी घेतला, म्हणजे डाग पडले तरी दिसत नाहीत. नाव अर्धा इंच खाली आणलं. आकार साडेतीन बाय पावणेतीन केला, त्याच शीटवर १८ लेबलं बसू लागली. जागा कमी झाल्यावर मिरच्यांचं चित्र काढून टाकावं लागलं, कारण हिरव्या चौकोनातली शाकाहारीची खूण, अन्नसुरक्षेच्या परवान्याचा (एफएसएसएआय) चौदा आकडी क्रमांक, वजन, बॅच आणि तारीख यांना जागा द्यावीच लागते. चित्र काढताना तिला वाईट वाटलं. आईला मात्र नवं लेबल आवडलं, कारण नाव आता लांबून वाचता येत होतं.

एवढ्यात किती गोष्टी कळल्या बघा. तिने वापरणाऱ्याला जवळून पाहिलं, छपाईचा हिशेब समजून घेतला, कायद्याने जे लिहावं लागतं ते शोधलं, आणि स्वतःला आवडलेली गोष्ट कामासाठी सोडली. ‘मी समस्यांवर उपाय शोधते’ असं एकदाही म्हणावं लागलं नाही.

तुमच्या कामाची अशी हकीकत मिळवायला स्वतःलाच हे विचारा: हे कुणासाठी होतं? आधी काय अडत होतं? पहिल्या प्रयत्नात काय चुकलं आणि ते मला कुणी दाखवलं? काय काढून टाकलं? काही मोजता येतं का: आकार, संख्या, खर्च, वेळ? उत्तरं सुटी-सुटी लिहा, वाक्यं नंतर जुळवा. आठवत नसेल तर ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना फोन करा. आई, काका, मंडळाचा कार्यकर्ता, कुणीही असो, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं.

जुन्या फायली आणि चुकलेले नमुने फेकू नका. डाग पडलेलं ते पांढरं लेबल मुलाखतीत टेबलावर ठेवता आलं तर दुसरं काही सांगायची गरज कमीच.

चौथा टप्पा: आता लिहा

त्याच मुलीची ओळख लिहून दाखवते. शब्द तुमचे वेगळे असतील, बांधणी बघा.

‘मी कोपरखैरण्याला राहते आणि बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईच्या बचत गटाच्या मालवणी मसाल्याचं लेबल मी केलं. पहिलं पांढरं लेबल दोन दिवसांत डागाळलं आणि पाकिटाच्या घडीत नाव दडलं. दुसऱ्या वेळी मी गडद विटकरी रंग घेतला, नाव खाली आणलं आणि आकार थोडा लहान केला. त्यामुळे एका शीटवर १२ ऐवजी १८ लेबलं बसली. त्यासाठी मला आवडलेलं मिरच्यांचं चित्र काढावं लागलं. मला अक्षरांचं काम सगळ्यात जास्त आवडतं. नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं मी वहीत उतरवते. इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर मी व्हिडिओ बघून शिकले. मजकूर जास्त असला की माझी मांडणी विस्कटते, ग्रिड मला नीट येत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात टायपोग्राफी आणि पॅकेजिंग एकत्र शिकवतात म्हणून मी अर्ज करते आहे. गटाची लोणची, पापड आणि कुळथाचं पीठही आहे. ही सगळी पाकिटं एकाच घरची वाटावीत अशी मांडणी मला इथे शिकताना करायची आहे.’

सुरुवात साधी आहे: कुठे राहते, काय शिकते. बीकॉम लपवलेलं नाही, आणि त्याबद्दल माफीही मागितलेली नाही. दुसऱ्याच वाक्यात काम सुरू होतं. न येणारी गोष्ट, म्हणजे ग्रिड (मजकूर आणि चित्रं नीट बसवायची आखलेली चौकट), नेमकी सांगितली आहे. हवं ते, टायपोग्राफी म्हणजे अक्षरांची मांडणी, तेही नावानिशी आहे. न येणारं सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण प्रशिक्षण देणाऱ्याला शिकवायला काय उरलंय ते कळलं पाहिजे. ‘मला अजून खूप शिकायचंय’ असं मोघम लिहिलंत तर तो उपयोग होत नाही. शेवट एका हातातल्या कामाने झाला आहे. अशी मुलगी पहिल्या दिवसापासून कामाला लागेल असं वाचणाऱ्याला वाटतं.

‘पॅशन’, ‘आउट ऑफ द बॉक्स’, ‘क्रिएटिव्ह माइंड’ हे शब्द दिसले की पुसा. वडिलांचा व्यवसाय, घरची परिस्थिती, आलेली संकटं यांबद्दल लिहायचं की नाही हे तुमच्यावर आहे. कामाशी संबंध असेल तर जरूर लिहा. दया यावी म्हणून लिहू नका. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची श्रेणी, शाळेतली बक्षिसं यांना बायोडेटात एक ओळ पुरे.

भाषेबद्दल थोडं, कारण इथेच मराठी माध्यमातल्या मुली सगळ्यात जास्त अडतात. अर्ज इंग्रजीत मागितला असेल तर आधी मराठीत लिहा, जसं मैत्रिणीला सांगाल तसं. मग त्याची छोटी छोटी, सरळ इंग्रजी वाक्यं करा. अवघड शब्द शोधू नका, दुसऱ्याकडून ‘भारी’ इंग्रजी करून घेऊ नका. मुलाखतीत तोंड उघडताच फरक कळतो. एआयकडून परिच्छेद लिहून घेतला तरी तेच होतं. व्याकरण तपासायला कुणाची मदत घेतली तर हरकत नाही, पण डाग आणि घडी तुमच्याच शब्दांत राहू द्या.

आणि देवनागरी येणं ही तुमची जमेची बाजू आहे, हे मनापासून सांगते. विंडोजवर वर्षानुवर्षं वापरला गेलेला मंगल हा फॉन्ट करणारे र. कृ. जोशी पवईच्या आयडीसीत शिकवत असत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट आज कुणालाही मोफत वापरता येतात. या लिपीत विचार करू शकणाऱ्या डिझायनरची गरज वाढतेच आहे. पोर्टफोलिओत निदान एक काम देवनागरीत असू द्या.

पाचवा टप्पा: पोर्टफोलिओ आणि फाइल

पाच-सहा कामं पुरतात. प्रत्येकाला दोन-तीन पानं: कामाचा प्रश्न एका ओळीत, कच्ची रेखाटनं, फसलेला प्रयत्न, शेवटचं रूप आणि ते प्रत्यक्ष वापरात असतानाचा फोटो. शेवटचा फोटो मुली विसरतात. लेबल दुकानाच्या फळीवर दिसलं पाहिजे, नोटीस लिफ्टशेजारी चिकटवलेली दिसली पाहिजे.

गटाने केलेलं काम असेल तर तुमचा वाटा लिहा: ‘कल्पना तिघींची, अक्षरं आणि छपाई माझी.’ पिंटरेस्टवरून घेतलेली कल्पना असेल तर तसं लिहा. एआयने काढलेलं चित्र कुठे वापरलं असेल तर तेही. हे लपवलं आणि मुलाखतीत उघड झालं, तर बाकीच्या खऱ्या कामावरही शंका येते.

हाताने केलेल्या कामाचे फोटो सकाळी खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद ठेवून. मोबाइल कागदाला समांतर धरा, नाहीतर चौकोन तिरका येतो. ट्यूबलाइटखाली पांढरा कागद हिरवट दिसतो आणि रंगांवर बोलणंच अवघड होतं.

देवनागरीची फाइल पाठवताना खास काळजी घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हं होऊन उघडतो. युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करा. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीसाठीचा वर्ल्ड-रेडी पर्याय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार भलतीकडे बसतो, जोडाक्षरं सुटतात. पीडीएफ झाल्यावर प्रत्येक पान मोठं करून वाचा. डिझायनरच्या पोर्टफोलिओत ‘विद्यार्थी’ मोडलेला दिसला तर तो वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही.

फाइलला ‘फायनल फायनल २’ असं नाव देऊ नका. नाव, आडनाव आणि अभ्यासक्रम एवढंच. मर्यादा दिली असेल तर फाइल तिच्या आत बसवा. ड्राइव्हची लिंक पाठवणार असाल तर आधी ती मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडून बघा. परवानगी न दिलेली लिंक म्हणजे न पाठवलेलं काम. व्हॉट्सॲपवर मागितलं तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं फुटतात.

सहावा टप्पा: तोंडी ओळख

‘तुझ्याबद्दल सांग’ या प्रश्नाला एक मिनिट पुरतं, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे शब्द. लेखी ओळख पाठ करून म्हणू नका. तिच्यातली तीन ठिकाणं लक्षात ठेवा: कुठली, कुठलं काम, काय शिकायचंय. मधले शब्द त्या वेळी येतील. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेक मुली भराभर बोलतात. कामाचं नाव घेतल्यावर क्षणभर थांबा, म्हणजे समोरच्याला पान उलटून ते काम बघायला वेळ मिळतो.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात असं नाही, पण हे बरेचदा येतात: हा रंगच का? यात तुझं किती? पुन्हा केलंस तर काय बदलशील? शेवटच्या प्रश्नाला ‘काही नाही’ असं उत्तर देऊ नका. विटकरी लेबलवर तारीख लिहायची पांढरी जागा ठेवली होती, ती शाईच्या शिक्क्याला अपुरी पडते, असं काहीतरी खरं असतंच. ‘माहीत नाही, सर’ म्हणायलाही हरकत नाही. लगेच पुढे ‘मी ते असं शोधून बघेन’ म्हणा. कुणी कामावर टीका केली तर बचाव करायच्या आधी वहीत लिहून घ्या. शिकायला आलेल्या मुलीचा हात वहीकडे गेला की शिकवणाऱ्याला बरं वाटतं, हे मी स्वतःवरून सांगते.

इंग्रजीत प्रश्न आला आणि अडलात तर विचारा, ‘मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ बहुतेक ठिकाणी चालतं. मोडकंतोडकं इंग्रजी रेटताना कामाची गोष्टच बाजूला राहते.

जाण्यायेण्याचा विचार आदल्या दिवशीच करा. खारघरला ठाण्याहून पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल थेट जाते. पवईसाठी कांजूरमार्गला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. फोर्टमधल्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या आवारात सीएसएमटीहून चालत पोहोचता. सकाळच्या गर्दीत मोठं फोल्डर घेऊन चढणं म्हणजे कोपरे चुरगळणं ठरलेलं. ए३पेक्षा मोठं काहीही नेऊ नका. मोठ्या कामाचे फोटो न्या आणि मूळ पोस्टर न्यायचंच असेल तर पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळा. शक्य असेल तर गर्दीच्या आधीची गाडी पकडा.

सातवा टप्पा: पाठवल्यावर

ईमेलच्या विषयात अभ्यासक्रमाचं नाव आणि तुमचं नाव. मजकूर चार ओळींचा. ‘आदरणीय मॅडम’ किंवा ‘सर’ लिहिताना आधी संस्थेच्या पानावर कोण आहे ते बघा. नाव माहीत असेल तर नावाने लिहा. दिलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने एकदा नम्रपणे विचारा. रोज फोन करू नका.

नकार आला तर त्याच मेलला उत्तर द्या: ‘माझ्या पोर्टफोलिओत काय कमी पडलं ते सांगू शकाल का?’ सगळे उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांची एक ओळ पुढच्या अर्जात तुमच्या कामी येते. पुढच्या वेळी तेच काम पाठवा, पण त्या ओळीनंतर जे बदललंत ते पान जोडून.

प्रवेश मिळाला तर पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांना आळीपाळीने ओळख सांगायला लावतात. तिथे कोणी जे.जे.ची असेल, कोणी घरच्या प्रेसमध्ये वाढलेली, कोणी आधीच नोकरी करणारी. तुमचं मिनिट तेच: कुठून आलात, कुठलं काम घेऊन आलात, काय अडतंय. अडतंय ते जरूर सांगा, कारण मधल्या सुट्टीत नेमकी तीच गोष्ट येणारी एखादी मुलगी तुमच्याकडे येईल. बाकीच्यांची ओळख ऐकताना नावापुढे त्यांचं काम लिहून ठेवा. प्रिंटिंग कुणाला कळतं, फोटो कोण चांगले काढतं, दुसऱ्याच आठवड्यात गटाचं पहिलं असाइनमेंट आलं की हे लागतं.